थंडीतून जिवंत निघालेली अळी

१

अळी होती नखाएवढी. पण तिने समुद्रापलीकडच्या एका अख्ख्या देशाचं दार धाडकन लावून टाकलं.

तिथल्या बंदरावर संत्र्यांची एक पेटी उघडली गेली, एक फळ चिरलं गेलं, आणि गरातून ती वळवळत बाहेर आली. जिवंत. त्या दिवसापासून त्या देशाने इथलं संत्रं घेणं बंद केलं. इकडे बागा फळांनी वाकलेल्या, फांद्या टेकू मागतायत, आणि घेणारा पाठ फिरवून बसलेला. ताट वाढलं आणि जेवणारा उठून गेला, तशी गत.

अळीबाईंना हे फोनवर ताईने सांगितलं. अळीबाई म्हणजे फळांतल्या किडी तपासणाऱ्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेल्या बाई. उभा जन्म भिंगातून अळ्या बघण्यात गेला म्हणून हे नाव पडलं, आणि इतकं मुरलं की कुणी खऱ्या नावाने हाक मारली तर त्याच मागे वळून बघत, ही कोण बाई? ताई त्यांची शाळेपासूनची मैत्रीण. संत्री परदेशी पाठवणाऱ्या पॅकहाऊसच्या मालकाची थोरली बहीण.

"आज ये," ताई शेवटी म्हणाली. "उद्या आक्काचा बळी जाईल." आक्का म्हणजे पॅकहाऊसमधल्या बायांची मुकादम.

मालकांना सगळे दादा म्हणत. अळीबाई पोचल्या तेव्हा दादा ऑफिसात खुर्चीत टेकत होते, उठत होते, खिडकीशी जाऊन परत येत होते. पायाखाली निखारे पसरल्यासारखे.

"उद्या सकाळी दुसऱ्या देशाचा निरीक्षक येतोय," ते म्हणाले. "एक दार बंद झालं, हे दुसरं जरा किलकिलं झालंय. त्यांची थंडीची अट आणखी कडक, तीही मान्य केली मी. पण तो पहिला प्रश्न विचारणार, अळी आली कुठून? दोष कुणाचा? मला एक नाव द्यावं लागेल, अळीबाई. आणि नाव आहे माझ्याकडे."

"मग मी काय करू? आरती ओवाळू त्या नावाला?"

ताईने हसू दाबलं, पण ते हसू ओठांवर टिकलं नाही. तिने कोपऱ्यातल्या फ्रिजमधून पाण्याची बाटली काढली आणि दाराला गुडघ्याने दणका देऊन ते लावलं. दार पुन्हा बोटभर उघडलंच. खाली अंथरलेलं पोतं ओलं होतं.

"आमचं काम सरळ आहे," दादा सांगू लागले. "बागेतून आलेलं फळ आधी कोल्ड रूममध्ये ठेवायचं. ठरलेले दिवस कडक थंडीत. फळात माशीने अंडं घातलं असेल, अळी असेल, सगळं आतल्या आत मरतं. हे मीटर बघा."

मीटर फ्रिजच्या वर भिंतीवर होतं. त्यातून एक तार निघून भिंतीतल्या नळीवाटे पलीकडे कोल्ड रूममध्ये जात होती. तारेच्या टोकाची सुई तिथल्या एका संत्र्यात खुपसलेली.

"आकडा एकदा जरी मर्यादेच्या वर चढला, तरी दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. त्या खेपेच्या नोंदीत आकडा एकदाही मर्यादेबाहेर नाही. म्हणजे थंडी चोख. थंडीनंतर फळ जातं जाळीच्या खोलीत. तिथे आक्काच्या बाया निवडतात, कागदात गुंडाळतात, पेटीत भरतात. माशी शिरली असेल ती तिथेच. जाळीचं दार उघडं राहिलं. दाराची जबाबदारी आक्काची."

"आणि उद्या?"

"उद्या निरीक्षकासमोर तिचं नाव घेणार आणि तिथल्या तिथे तिला काढणार. एकीचं काम जाईल, दोनशे घरांचं वाचेल."

ताईच्या हातातला पेला टेबलावर जरा जोरात टेकला.

२

जाळीच्या खोलीत पट्टा चालू होता. दुहेरी दार होतं. एक नीट लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. आत बाया रांगेने उभ्या. नुसती कागदाची सळसळ. अळीबाई पूर्वी आल्या होत्या तेव्हा इथे गाणं असायचं. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची:

फळ फिरे हाती बाई, डोळा फिरे सालीवरी,
सालीवरचा डाग दिसे, आतली कोण पारख करी?

आज कुणाच्या ओठांवर ओळ नव्हती.

आक्का पट्ट्याच्या टोकाला होती. धिप्पाड, पदर खोचलेला, हात सतत चालू. अळीबाईंकडे न बघताच म्हणाली, "या. तुम्हीही विचारा. दार उघडं ठेवलंस का गं आक्का? माशी काय माझी नणंद आहे, दार उघडून आत घ्यायला?"

"नणंदेलाही इतकं कुणी हौसेनं घेत नाही," अळीबाई म्हणाल्या.

रांगेत कुठेतरी फिसकन हसू फुटलं आणि विझलं.

"दादांनी चार माणसांत मला आंधळी म्हटलं, बाई." आक्काचा हात थांबला. "काम जाईल, जाऊ दे. हातपाय धड आहेत. पण परदेशी साहेबासमोर माझं नाव एकदा घेतलं की या धंद्यात मला दुसरं दार उघडणार नाही. आणि माझ्या मागे या सगळ्या. आंधळीच्या हाताखालच्या म्हणून."

अळीबाईंनी काही वचन दिलं नाही. वचनं देण्याचा त्यांचा धंदा नव्हता. बाहेर येऊन त्यांनी ताईला विचारलं, "त्या देशानं अळीचा फोटो पाठवला असेल ना?"

ताईने मोबाइल पुढे केला. चिरलेलं संत्रं, बाजूला मोजपट्टी, आणि मोजपट्टीवर पांढुरकी अळी. अळीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो मोठा केला, आणि अळीची लांबी मोजपट्टीवर वाचली.

"पेट्या भरल्यावर किती दिवसांत जहाज सुटलं?"

"दुसऱ्याच दिवशी."

"आणि जहाजावर?"

"थंडच. अख्खा प्रवास. त्यांनीच तपासलंय."

"मग बघ. थंडीत अळी वाढत नाही. म्हणजे जाळीच्या खोलीत माशीनं अंडं घातलं असतं, तर ते अंड्याचं अंडंच राहिलं असतं. ही बघ कशी पोसलीय. आठवडाभर तरी गर खाल्लाय हिनं." अळीबाईंनी मोबाइल परत दिला. "ही जाळीतून शिरलेली नाही. ही बागेतूनच आली. आणि तुमच्या कोल्ड रूममधून जिवंत बाहेर पडली."

ताई भिंतीला टेकली. आक्का सुटली म्हणून हायसं वाटलेला चेहरा असावा, तसा तिचा नव्हता.

३

कोल्ड रूम सांभाळणाऱ्या मेकॅनिकला सगळे गारठा म्हणत. ऐन उन्हाळ्यात स्वेटर घालणारा माणूस. कॉम्प्रेसरच्या घरघरीत तो खुर्ची टाकून बसला होता आणि अळीबाईंना बघताच उभा राहिला.

"मीटर बघा, मॅडम. मीटर काय खोटं बोलतं का?"

"मीटर बिचारं खरंच बोलतं. त्याच्या कानात जे सांगाल ते. किल्ल्या किती?"

"दोन. एक माझ्याकडे, एक दादांकडे."

"त्या खेपेला तू इथंच होतास?"

"इथंच. रात्रंदिवस."

"सगळे दिवस?"

"सगळे."

अळीबाई खाली वाकून कॉम्प्रेसरकडे बघत राहिल्या. गप्प. गप्प बसणं हे त्यांचं जुनं हत्यार होतं, त्याला धार लावावी लागत नसे. गारठ्याने स्वेटरची बाही ओढली, सोडली, पुन्हा ओढली.

"मुलगी बाळंत झाली," तो शेवटी पुटपुटला. "अडली होती. मी गेलो. कुणाला न सांगता. मधले काही दिवस."

"किल्ली?"

"माझ्या खिशात. दुसरी दादांच्या कमरेला, आणि दादा तेव्हा बंदरावर, जहाजाच्या मागे. खोली बंदच होती, मॅडम. मुंगीसुद्धा आत जाऊ शकत नव्हती. परत आलो, आधी मीटर बघितलं. आकडा चोख. जीव भांड्यात पडला. आकडा बरा म्हणजे प्रकृती बरी, मग दार कशाला उघडू?"

"आणि मुदत संपल्यावर उघडलंस तेव्हा?"

गारठ्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"पंख्यामागच्या नळ्यांवर बर्फाची भिंत झाली होती. हवाच फिरत नव्हती. थंडी होती, पण बोचत नव्हती. मी गुपचूप बर्फ फोडला." "आणि तार. तारेची सुई फळात नव्हती. नळीच्या तोंडाशी नुसती लोंबत होती. म्हटलं, निघताना घाईत माझ्याच हातून राहिलं. परत खुपसली. कुणाला बोललो नाही."

"मुलगा की मुलगी?"

"अं? मुलगी झाली. नात."

"बरी आहे?"

"लई बोंबलते," तो म्हणाला, आणि एवढ्या धास्तीतही त्याचा चेहरा क्षणभर उजळला.

अळीबाई मात्र दाराच्या पोलादी कुलपाकडे बघत होत्या. खोली आतून आजारी. आत कुणी गेलेलं नाही. आणि तरी आकडा ठणठणीत. मग सुई त्या दिवसांत होती कुठे?

४

त्यांनी गारठ्याला दार उघडायला लावलं आणि नळीतून येणारी तार हळूहळू आत ओढून घेतली. बोटांच्या चिमटीतून ती सरकत राहिली, गुळगुळीत, गोल. मग एके ठिकाणी बोटं थांबली. सुईपासून हातभर अंतरावर तार चपटी झाली होती. कशाच्या तरी कडेत दिवसच्या दिवस दाबली गेल्यासारखी.

"इथे काही आपटलं होतं का?"

"छे. ती नळीतच असते कायम. तिला कोण दाबणार?"

अळीबाई झपझप ऑफिसकडे निघाल्या. दादा फोनवर कुणावर तरी ओरडत होते, ताई उद्याच्या स्वागताची तयारी बघत होती. कुणाशी न बोलता त्या भिंतीशी गेल्या. वर मीटर. मीटरशेजारी नळीचं तोंड. बरोबर खाली फ्रिज.

त्यांनी फ्रिजच्या दाराच्या रबरावरून बोट फिरवलं. एका जागी रबर आत बसलं होतं, सुतळीएवढी खोबण. तिथूनच हवा शिरत होती, तिथेच बर्फाचा गड्डा धरला होता, आणि त्याचंच पाणी खालच्या पोत्यात मुरत होतं.

दादांनी फोन ठेवला. "पाणी हवंय का?"

"नको," अळीबाई म्हणाल्या. "पाणी कुठं मुरतंय ते कळलं. गारठ्याला बोलवा. आणि दार लावून घ्या. हे मात्र नीट लागतं ना?"

५

"आपण सगळे किल्लीभोवती पिंगा घालत होतो," अळीबाई म्हणाल्या. "कोल्ड रूममध्ये कोण गेलं? कुणीच नाही. जायची गरजच नव्हती. कुणीतरी इथे, या खोलीत उभं राहून, तार नळीतून आपल्याकडे ओढून घेतली. सुई पलीकडच्या फळातून निसटून इकडे आली. ती दुसऱ्या एका संत्र्यात खुपसली, आणि ते संत्रं या फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवलं. दारात तार चेपली, रबरावर खूण उठली. पलीकडे शेकडो पेट्या कोमट होत होत्या आणि मीटर एका संत्र्याची थंडी मोजत होतं. काम झाल्यावर सुई नळीतून परत ढकलली. पण इथून ढकललेली सुई पलीकडच्या फळात कशी शिरणार? ती लोंबत राहिली."

दादा एकदम गारठ्याकडे वळले. "तू!"

"थांबा, दादा. साप साप म्हणून भुई धोपटू नका. गारठ्याकडे किल्ली आहे. त्याला आकडा खोटा करायचा असता तर तो आत जाऊन सुई नळ्यांवरच्या बर्फातच खुपसून आला असता. ज्याच्याकडे किल्ली त्याला फ्रिज कशाला लागेल? तुमच्याकडेही किल्ली आहे, आणि तुम्ही गावातच नव्हता. आक्काच्या बायांना या ऑफिसात पाऊल टाकायची मुभा नाही. राहिलं असं माणूस, जे रोज इथे बसतं, आकडा चढताना बघू शकतं, पण दार उघडू शकत नाही."

कॉम्प्रेसरची घरघर भिंतीपलीकडून येत होती. ताईने टेबलावरचा पेला उचलला, परत ठेवला.

"बाबांनी किल्ल्या ह्याला दिल्या," ती म्हणाली, "आणि परदेशी भाषा मला शिकवली. पत्रं मी लिहायची, सौदे मी जमवायचे, दार ह्यानं उघडायचं. त्या दिवशी आकडा हलला. अगदी थोडा. मी गारठ्याला शोधलं, तो नाही. ह्याला फोन लावला, लागला नाही. दारावर हात आपटले मी. आकडा चढतोय आणि मी मुकाट बघतेय. आणखी जरा चढला असता तर दिवस पुन्हा पहिल्यापासून. जहाज गेलं असतं, सौदा गेला असता. म्हटलं, गारठा येईपर्यंत. तो आला की बर्फ काढेल, मी तार परत सोडेन."

"आणि गारठा आला," अळीबाई हळू म्हणाल्या, "त्यानं मीटर बघितलं, आणि निर्धास्त झाला. तू तापकऱ्याच्या तोंडातलं थर्मामीटर काढून गार पाण्यात बुडवलंस. वैद्य आला, आकडा बघून घरी गेला."

"मी त्याला सांगायला हवं होतं. तो म्हणाला, सगळं ठीक आहे ताई. मी हो म्हटलं." तिने मैत्रिणीकडे बघितलं. "तुला मीच बोलावलं. वाटलं, तू आक्काला सोडवशील. आणि तिथेच थांबशील."

दादा खुर्चीत बसले. पहिल्यांदाच बसून राहिले.

"हे या खोलीतून बाहेर जाणार नाही," ते म्हणाले. आवाज खोल गेला होता. "कामगाराची चूक निरीक्षक समजून घेईल. मालकाच्या घरातूनच आकडा फिरवला गेला म्हटल्यावर कोण दारात उभं करील? कुंपणानं शेत खाल्लं म्हणतील. आक्काचं नाव जाऊ दे. तिला मी घरबसल्या पगार देईन."

"आणि नाव?" अळीबाईंनी विचारलं. "तेही घरबसल्या देणार?"

"ताई, तू काहीतरी बोल!"

ती उठली आणि बाहेर निघून गेली.

६

सकाळी निरीक्षक आला. उंच, थकलेला, बुटांवर दोन देशांची धूळ. त्याला इथली भाषा येत नव्हती आणि दादांना त्याची. मधला पूल एकच, ताई. अळीबाईंना नोकरीपायी ती भाषा कामापुरती कळत असे, पण त्या मागे उभ्या राहिल्या. जाळीच्या खोलीत पट्टा थांबवलेला. बाया रांगेत, पुढे आक्का. पदर खोचलेला, हनुवटी वर. रात्रभर तिला झोप नव्हती, हे डोळे सांगत होते.

निरीक्षकाने विचारलं. ताईने दादांना सांगितलं, "विचारतायत, अळी कशी आली, आणि जबाबदार कोण."

दादांनी घसा साफ केला. बहिणीकडे बघणं टाळून ते पाठ केल्यासारखं बोलले, "सांग, जाळीचं दार उघडं राहिलं. या बाईकडून. तिला आजपासून काढलंय."

आक्काने डोळे मिटले नाहीत.

ताई निरीक्षकाकडे वळली आणि बोलू लागली. सावकाश. वाक्य लांबत गेलं. दादांच्या दोन ओळींना इतके शब्द कसे लागतायत, असं पुष्कळांना वाटलं असेल. अळीबाईंना त्यातले शब्द ओळखू येत होते. तार. बर्फ. फ्रिज. आणि मग, दोनदा, मी.

निरीक्षकाची नजर आक्कावर गेलीच नाही. ती ताईवर खिळून राहिली. त्याने एक प्रश्न विचारला, तिने उत्तर दिलं. दुसरा विचारला, तिने मान हलवली. दादांच्या कपाळावर घाम आला.

"काय चाललंय? काय म्हणतोय तो?"

"म्हणतायत, परवानगीचं आत्ता काही सांगता येणार नाही. महिने लागतील. परवानगी मिळाली तरी सुया त्यांच्या, मीटर त्यांचं, आणि कुलूपही त्यांचं." ताईने दादांच्या डोळ्यांत बघितलं. "आणि ज्या बाईनं आकडा फिरवला, ती मालाच्या आसपास पुन्हा दिसता कामा नये. मी हो म्हटलंय."

"ताई..." दादांनी हात पुढे केला आणि तो हवेतच राहिला.

निरीक्षक कोल्ड रूमच्या दिशेने चालू लागला. गारठा धावत त्याच्या पुढे गेला. ताईही वळली, पण आक्का वाटेत उभी होती.

"त्यानं माझ्याकडे बघितलं नाही," आक्का म्हणाली. "का?"

"मी त्याला खरं काय ते सांगितलं, आक्का. तुझी काही चूक नव्हती."

"त्याला सांगितलंत." आक्का तसूभर हलली नाही. "त्याच्या भाषेत. आता आमच्या भाषेत सांगा. आणि मोठ्यानं सांगा ताई, मागच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे."

दादांनी मान खाली घातली. ताई पट्ट्यापाशी गेली, बायांकडे तोंड करून उभी राहिली, आणि पहिल्यापासून सांगू लागली.